एकटीनं बघितलेला भुताचा पिक्चर

"हात पुढे करा," एस्तेर सिस्टर म्हणाली, आणि पद्मिनी टॉकीजच्या दारात जमलेली तीन-चारशे माणसं एकदम गप्प झाली.

मी हात पुढे केला. सकाळचे नऊ वाजायला आले होते. दारात टेबल मांडलं होतं, त्यावर ब्लडप्रेशर मोजायचं मशीन, शेजारी लोखंडी स्टँडला टांगलेली सलाइनची बाटली. ती बाटली आठवडाभर तशीच लटकत होती, कुणालाच लावायची नव्हती. फाटकाशी अँब्युलन्स उभी होती, म्हणजे मगदूम मॅनेजरांच्या भावाची दुधाची मॅटाडोर. तिच्यावर तांबड्या रंगानं मोठी फुली मारली होती, पण जवळ गेलं की दुधाचा आंबूस वास यायचाच. फाटकाला लिंबू-मिरच्यांचं तोरण होतं, बाल्कनीच्या तिकिटाबरोबर अंगाऱ्याची पुडी फुकट होती, आणि पांढरी चादर पांघरलेला एक माणूस सायकलवरून इचलकरंजीच्या गल्ल्यागल्ल्यांतून ओरडत फिरायचा. कुत्र्यांनी दोनदा त्याला नाल्यात पाडला होता. एवढं सगळं कशासाठी, तर विहिरीतून हात वर येतो त्या पिक्चरसाठी. त्याचं खरं नाव कुणाच्याच तोंडात बसलं नाही, सगळं गाव त्याला विहिरीचा पिक्चर म्हणायचं.

आणि या सगळ्या थाटामाटात काचेच्या पेटीत, झेंडूचा हार घालून, एक शिलाई मशीन ठेवलं होतं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. जो कुणी आख्ख्या टॉकीजात एकटा बसून हा पिक्चर शेवटपर्यंत बघेल, त्याला ते मशीन बक्षीस.

नियम दोनच होते. खुर्चीच्या हाताला सायकलची घंटी बांधलेली होती. घाबरलात तर ती वाजवायची, वाजवली की हरलात. दुसरा नियम, डोळे मिटायचे नाहीत. हा दुसरा नियम मागाहून आला, कारण एका कॉलेजच्या पोरानं डोळे घट्ट मिटून अर्धा पिक्चर काढला होता. तेव्हापासून, मान कलते का, यावर मॅनेजर वरच्या ऑपरेटरच्या खोलीतल्या भोकातून लक्ष ठेवायचे. त्याआधी तालमीतला एक पैलवान चौथ्या रिळाला घाम पुसत बाहेर आला होता आणि आत फार उकडतंय म्हणून सांगत होता.

सिस्टरनं माझी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. मिरजेच्या एका दवाखान्यातून निवृत्त झालेली, साठीची बाई. मगदूमांनी तिला शोभेला बसवलं होतं, पण तिच्या बोटांना शोभेचं काम येत नव्हतं. तिनं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग तोंड माझ्या कानाजवळ आणून हळूच विचारलं, "पुरती झोप शेवटची कधी झाली, बाई?"

मी म्हटलं, "बाळ व्हायच्या आदी."

"बाळ किती महिन्यांचं?"

"आठ."

तेवढ्यात मॅनेजरनी माइकवरून विचारलं, सिस्टर, काळीज कसं आहे बाईंचं? ती मोठ्यानं म्हणाली, काळीज दगडासारखं आहे. लोक हसले, टाळ्या पडल्या. मला मात्र ती म्हणाली की पिक्चर झाल्यावर तशीच घरी जाऊ नको, मला भेटून जा.

मी, मालन हावळ, तेव्हा सव्वीस वर्षांची. आमची एक खोली, आणि तिच्या भिंतीला लागून मालकाच्या चोवीस मागांची शेड. माझा नवरा दिनकर त्याच शेडमध्ये रात्रपाळीला. तो सकाळी येऊन झोपायचा, म्हणून दिवसभर तिन्ही पोरांना मी गल्लीत घेऊन हिंडायची. रात्री सासऱ्यांचा दमा उठायचा, त्यांना उठवून बसवायचं, पाठ चोळायची. ते निजले की धाकटं उठायचं. आणि पहाटे चारला मी शेडमध्ये कांड्या भरायला जायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती लहानशी कांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं काम. लोकांना वाटतं मागाच्या खडखडाटात झोप येत नसेल. तसं काही नव्हतं. आवाज आम्हाला लागतच नाही. उलट लाइट जाऊन माग थांबले की आख्खी गल्ली दचकून उठून बसते.

मला शिवण येत होतं. माहेरी जतला शिकले होते. मशीन आलं की पहाटेच्या कांड्या सुटणार होत्या, एवढं साधं गणित होतं. ते मशीन मला का हवं होतं हे मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं मलाच भय वाटायला लागलं होतं. एकदा चुलीवर दूध ठेवून मी उभ्या उभ्या कुठं गेले कळलंच नाही, शुद्धीवर आले तेव्हा बाळ चुलीपाशी रांगत होतं. पंचगंगेच्या पुलावरून जाताना मी कठड्याच्या बाजूनं चालत नसे. अशा बाईला विहिरीतला हात काय घाबरवणार? भुताला भ्यायला माणसाला थोडी सवड लागते.

मगदूमांनी आधी नको म्हटलं होतं. बायामाणसाला काय झालं तर कोण निस्तरणार म्हणाले. मग त्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला असावा, की बाई किंचाळत बाहेर आली तर दुसऱ्या दिवशी टॉकीजला पाय ठेवायला जागा राहणार नाही. दिनकरला मी आदल्या दिवशी सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, तुला काय करायचं ते कर, बाळाला मी बघतो. तो पाळीवरून येऊन बाळाला बघणार म्हणजे बाळच त्याला बघणार हे मला माहीत होतं.

आत गेले. दार बंद झालं. सातशे खुर्च्या आणि मी एकटी. मधल्या रांगेत, घंटी बांधलेल्या खुर्चीवर बसले. एवढ्या मोठ्या जागेत एकटी असण्याची माझी ती पहिलीच वेळ. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी पदर ओढत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. वर पंखे फिरत होते. खुर्चीला पाठ टेकली आणि माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी दिवसांत पाठ टेकून बसलेच नव्हते.

पिक्चर सुरू झाला. वाडा, वटवाघळं, पैंजणांचा आवाज. मग ती विहीर आली. पाण्यातून हात वर आला, हिरवा, लांब नखांचा. आणि आवाज असा सुटला, धडधड, खडखड, की थेट आमच्या शेडसारखा. मी डोळे ताणून धरले. घंटीवर हात ठेवला नव्हता, मांडीवर ठेवला होता. तो हात विहिरीच्या काठाला लागला एवढं मला आठवतं.

मग मी डोळे उघडले तेव्हा तोच हात विहिरीच्या काठाला लागत होता.

सुटले, म्हटलं. क्षणभरच डुलकी लागली, वरून कुणी बघितलं नसलं म्हणजे झालं. मी सावरून बसायला गेले तर अंगावर काहीतरी होतं. पांढरी चादर. सायकलवरच्या भुताची. तिला नाल्याचा वास येत होता. आणि शेजारच्या खुर्चीवर एस्तेर सिस्टर बसली होती, टोपी काढून. तिच्या मांडीवर माझं बाळ झोपलं होतं.

"आत्ता सुरू झालाय न्हवं?" मी विचारलं.

सिस्टर म्हणाली, "हा दुसऱ्यांदा लागलाय. साडेबारा वाजून गेले."

मला काही कळेना. बाळ इथं कसं, ही इथं कशी, आणि साडेबारा कसे वाजतील? मग तिनं हळूहळू सांगितलं.

मी दुसऱ्या रिळालाच झोपले होते. मॅनेजरनी वरून बघितलं आणि जिना उतरून धावत आले. नियम मोडला, उठवा बाईला, म्हणाले. सिस्टर त्यांच्याबरोबर आत आली. माझी मान खुर्चीवरून लोंबत होती. मॅनेजरनी खांद्याला हात लावायला हात पुढे केला तर सिस्टर म्हणाली, तुम्ही मला नाडी बघायला बसवलंय ना, मी बघितलीय. ही बाई अजून आठ दिवस अशी राहिली तर एकतर स्वतः पडेल नाहीतर पोराला पाडेल. तिला उठवायचं असेल तर ही टोपी घ्या, मी चालले मिरजेला. मॅनेजरनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, संपेपर्यंत झोपू दे, मग बघू.

अकरा वाजता दिनकर आला. बाळ भुकेनं रडत होतं, त्याला गप्प करता येईना, म्हणून थेट टॉकीजवरच घेऊन आला. रात्रभर चोवीस माग सांभाळून आलेला माणूस, डोळे तांबडे, अंगावर कापसाचं पिंजण. सिस्टरनं त्याला दारातून आत नेलं आणि म्हणाली, ती काय भूत बघत नाहीये, झोपलीय. बाळाला पाजायला उठवायचं तर तुम्ही उठवा, आम्ही नाही उठवणार.

"त्यो काय म्हणाला?" मी विचारलं.

"बराच वेळ बघत उभा होता," सिस्टर म्हणाली. "मग म्हणाला, पिक्चर संपला तर आवाज थांबंल, आन् आवाज थांबला की ही उठंल. आमच्यात तसंच हाय. पिक्चर थांबवू नगा."

माझ्या नवऱ्यानं आठ वर्षांच्या संसारात माझ्यासाठी कुणापुढं तोंड उघडलं असेल तर ते त्या दिवशी. मालकापुढं नाही, बापापुढं नाही. मॅनेजरांच्या टॉकीजात, बाराच्या खेळाची तिकिटं घेऊन बाहेर रांग लागलेली असताना तो म्हणाला, पिक्चर थांबवू नका. त्या एका वाक्याची मी आयुष्यभर मिंधी आहे, आणि त्याला तसं सांगितलंही आहे. तो म्हणतो, मला आठवत नाही. आठवतं त्याला.

मॅनेजर वर गेले आणि ऑपरेटरला म्हणाले, शेवटचं रीळ संपायच्या आत पहिलं लाव. बाहेर येऊन माइकवरून सांगितलं की बाईंनी पिक्चर परत लावायला सांगितलाय, बाराचा खेळ उशिरा सुरू होईल. म्हणे लोक आधी ओरडले आणि मग असे गप्प झाले की विचारू नका. बाळाला सिस्टरनं कुठूनसं गाईचं दूध आणून चमच्यानं पाजलं. आणि दिनकर आतल्या पायरीवर बसला, तो तिथंच भिंतीला डोकं टेकून झोपला होता. मी वळून बघितलं. तोंड उघडं होतं त्याचं.

मला कुणी उठवलं नव्हतं. माझी मीच उठले होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मी चादर घडी करून सिस्टरच्या हातात दिली आणि मागच्या दाराशी मॅनेजर उभे होते तिथं गेले. मला खोटं मिरवता येत नाही, आणि ते जमणारही नव्हतं. मी म्हटलं, "सायेब, मला झोप लागली. नियम मोडला. मशीन नगो मला."

मगदूम उंच, हाडकुळे, पांढरी पँट, खिशाला दोन पेनं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू बोला. विहिरीचा पिक्चर बघताना बाई घोरत होती हे गावाला कळलं तर उद्यापासून इथं मी आणि ऑपरेटर, दोघंच. मशीन घ्या, आणि काय झालं ते तोंडातून काढू नका. उपकार-बिपकार काही नाही, गरज माझी आहे."

"आन् बाहेर काय सांगू?"

"काही सांगू नका. जमलं तर जरा डगमगत चला."

दार उघडलं. ऊन एकदम डोळ्यांवर आलं. मी डगमगायचं ठरवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. एवढी माणसं बघितली, तोवर जागा झालेला दिनकर सिस्टरकडून बाळ कडेवर घेऊन शेजारी उभा राहिला, आणि मला रडू फुटलं. साधं नाही, हुंदके देऊन. मी किती दमले होते हे झोप झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. लोक मागे सरकले. एक म्हातारी म्हणाली, लागीर झालं बाईला. मॅनेजरनी माइकवरून गावाला सांगितलं, बघा, आणि हे दोनदा बघून!

विहिरीचा पिक्चर आमच्या गावात सात आठवडे चालला.

सिस्टरनं मला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी आली, दिनकरला आणि सासऱ्यांना समोर बसवून बोलली. रक्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. सासऱ्यांची रात्रीची पाठ दिनकरचा धाकटा भाऊ चोळायला लागला, त्याला कुणी तोवर सांगितलंच नव्हतं. पहाटेच्या कांड्या मी सोडल्या आणि खोलीच्या दारात मशीन मांडलं. पहिले काही महिने परकर आणि पिशव्या, मग ब्लाउज. एस्तेर सिस्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. नाताळच्या आदल्या दिवशी मी तिच्या नावानं मिरजेच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते. तिथल्या पाळकांनी कधी मला, तुम्ही कोण, असं विचारलं नाही.

मगदूमांचे आभार मात्र मी कधी मानले नाहीत. का मानावेत? त्यांनीच सांगितलं होतं, गरज माझी आहे. त्यांनी माझं तोंड बंद करायला मशीन दिलं, मी तोंड बंद ठेवलं, फिटंफाट. उलट कुठं पिक्चरवाल्यांच्या गोष्टी निघाल्या की मी हसून म्हणायची, त्यांच्या भुतानं माझा संसार उभा केला. मगदूम वारले, टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. त्यांची बायको, गावात सगळे त्यांना अक्काताई म्हणतात, त्या माझ्याकडूनच ब्लाउज शिवून घ्यायच्या. अगदी पहिल्या वर्षापासून. मी तेव्हा नवखी, बाही हमखास चुकायची, पण त्या दुसऱ्या शिंपिणीकडे गेल्या नाहीत. माप द्यायला आल्या की मशीनशेजारच्या स्टुलावर बसायच्या, घटकाभर. मला वाटायचं, घरी करमत नसेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. आता माझ्याकडे मोटारीची सहा मशीनं आहेत, चार बायका कामाला आहेत. ते जुनं मशीन कोपऱ्यात पडून होतं, पाय गंजलेला. अक्काताई नातीच्या लग्नाच्या ब्लाउजांचं कापड घेऊन आल्या होत्या. भंगारवाल्याची हाक आली तशी मी कामावरच्या एका बाईला म्हटलं, त्याला थांबव गं, हे धूड एकदाचं जाऊ दे.

"मालन," अक्काताई म्हणाल्या, "ते भंगारात नगो घालूस. काढायचंच असलं तर मला दे."

"तुमाला काय करायचंय?"

त्यांनी मशीनवरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "माझंच हाय ते."

मला वाटलं, वयानं काहीतरी भलतंच बोलतायत. पण त्या सरळ सांगायला लागल्या. पिक्चर कंपनीनं फक्त बक्षिसाची जाहिरात छापून पाठवली होती, मशीन पाठवलंच नव्हतं. कुठल्याच गावात कुणी जिंकत नाही, दाखवायला एखादं ठेवा, असा निरोप होता. म्हणून मगदूमांनी बायकोचं मशीन घरातून उचललं. माहेरून आलेलं. आठवड्यानं आणून देतो म्हणाले.

"त्या संध्याकाळी आले ते मोकळ्या हातानं," अक्काताई म्हणाल्या. "बूट न काढता उंबऱ्यावर बसले. म्हणाले, दिलं. मी आठ दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. मग सिस्टर आली घरला, तुझं सगळं सांगितलं तिनं. ह्यांनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी विचारलं, नियम मोडला हुता न्हवं तिनं? तर म्हणाले, तिला उठवायला हात न्हाई झाला, आन् उठल्यावर रिकामी धाडायला तर त्याहून न्हाई."

बाहेर भंगारवाला हाका मारत होता. मी बाईला खुणेनं सांगितलं, जा म्हणावं. माझ्या डोळ्यांसमोर ते हाडकुळे मॅनेजर उभे राहिले, गरज माझी आहे म्हणणारे. गरज त्यांची नव्हतीच. नियम मोडला म्हणून हाकलली असती तरी लोकांना एवढंच दिसलं असतं की बाई रडत बाहेर आली. पिक्चर तेवढाच चालला असता, आणि मशीन त्यांच्या घरी परत गेलं असतं. हे एवढं सरळ मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. मी त्या माणसाला रस्त्यात बघून कधी नमस्कारसुद्धा केला नव्हता.

"एवढी वर्सं माझ्याकडं येताय," मी म्हटलं, "एकदा तरी सांगायचं हुतं."

अक्काताईंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "सांगितलं असतं तर माझ्या ब्लाउजची शिलाई घेतली असतीस तू?"

घेतली नसती. मग त्या यायच्या बंद झाल्या असत्या. पहिल्या वर्षी माझ्याकडे तीनच गिऱ्हाइकं होती, त्यांतल्या एक त्या.

चार दिवसांनी त्या नातीचे ब्लाउज न्यायला आल्या. मशीन मी तेलपाणी करून, पाय रंगवून त्यांच्या घरी पोचवलं होतं. त्यांनी एकेक ब्लाउज उलटा करून शिवण बघितली, नेहमी बघतात तशी, आणि शिलाईचे पैसे पुढे केले. माझा हात पुढे होईना. त्या हात तसाच पुढे धरून उभ्या राहिल्या.

मी पैसे घेतले, डोळ्यांना लावले आणि पेटीत टाकले.